उतार

एलुनेद पॅरीची मॉरिस मायनर
अकरा वर्षं फक्त उतारावर उभी राहिली.
नोकरीतली शेवटची सहा, पेन्शनीतली पाच.
बेथेस्डात उतारांना तोटा नाही:
पोस्टासमोर, चॅपलच्या मागे,
खाणीच्या ढिगाऱ्याखालची ती अरुंद गल्ली.
गावची नर्स ही. कुणाच्या तापाला उतार पडला का
हे विचारायच्या आधी
रस्त्याला उतार आहे का ते बघायची.
ब्रेक सोडायचा, दुसरा गिअर, क्लच, एक हिसका,
की निघाली.
हँडल होतं. एका जानेवारीत त्याने उलटी लाथ मारली
आणि तिचं मनगट मोडलं.
तेव्हापासून ते डिकीत, फडक्यात गुंडाळून.

माझं घर खाली, ओग्वेनच्या काठाला,
इतकं सपाट, की सांडलेलं पाणी
कुठे जावं या विचारात तिथेच सुकतं.
दर गुरुवारी ती दारात थांबायची.
काच खाली, अंडी माझ्या हातात,
गुडघ्याची चौकशी,
आणि सगळा वेळ इंजिन चालू.
उतर की जरा, मी म्हणायचो.
बंद केली तर ढकलणार कोण, हेव्हिन? तू?

नोव्हेंबरात एका मंगळवारी ती चालत आली.
कडेवर उशीचा अभ्रा, अभ्र्यात स्टार्टर मोटर.
बाळ वजनकाट्यावर ठेवावं तशी
तिने ती माझ्या टेबलावर ठेवली.

मी सदतीस वर्षं खाणीत फिटर. पण आता हात कापतात.
मी सांगत गेलो, ती करत गेली.
दोन लांब बोल्ट, मागचं झाकण,
चार ब्रश, त्यातले दोन झिजून नखाएवढे.
कोळशाचा काळा भुगा
तिने फुंकला नाही, टिपून घेतला.
जखमेवर फुंकत नाहीत, म्हणाली.

मग कम्युटेटर. तांब्याच्या पट्ट्या, मधे अभ्रक.
करवतीच्या पात्याचा तुकडा घासून पातळ केला
आणि एकेक फट खरवडायची, केसभर खोल,
तांब्याला ओरखडा न येऊ देता.
फटी किती ते मोजलं नाही.
रेडिओवरच्या बातम्या दोनदा झाल्या.
काशाचा बुश रात्रभर तेलात मुरत ठेवला
आणि ती टेकडी चढून घरी गेली.

बुधवारी नव्या ब्रशांना डाग दिला.
हात तिचा, माझी फक्त फुंकर,
ती जिथे चालते तिथेच.
बेंडिक्सला मात्र तेल नाही, मी बजावलं, कोरडंच.
ती थबकली. जे सगळ्यात जास्त धावतं, तेच कोरडं?
तेलाला धूळ धरते.
कोरडं असलं तर सरकत जाऊन दात पकडतं
आणि काम झालं की मागे येतं.
चांगल्या पाहुण्यासारखं, ती म्हणाली.

शेगड्यात मोटर आवळली, बॅटरी जोडली.
अशी उसळली की खिडकीतल्या बशा वाजल्या.
एलुनेदने नकळत
आपलंच मनगट दोन बोटांनी धरलं होतं.
नाडी लागली, म्हणाली. कुणाची, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी गाडी आली.
पुलापासून माझ्या दारापर्यंत जमीन
बोटभरही उतरत नाही.
नेहमीच्या जागी थांबली. काच खाली आली नाही.
आतून तिने रस्ता पाहिला, पुढे, मग मागे,
सवयीने.
आणि किल्ली फिरवली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
तिच्या आणि माझ्यामध्ये नदी ऐकू आली.

बराच वेळ हात स्टिअरिंगवर ठेवून ती बसून राहिली.
मग दार उघडलं, एक पाय सपाट जमिनीवर,
मग दुसरा.

अंडी विसरले, म्हणाली,
आणि आणायला परत गेली नाही.